मोटारीवरचं ओलं पोतं

नेकनूर, शुक्रवार, १९९८. दिवेलागणीची वेळ.

माझा मेव्हणा दिलीप, त्यानं ग्लायडरला शेवटी माझीच विजेची मोटार निवडली. उद्या सकाळी माळावरून त्याचं ग्लायडर कुणी न ओढता, स्वतःच्या जोरावर उडणार. गावातल्या देशमुखकाकांनी देऊ केलेलं छोटं जेट इंजिन हलकं हाय, पण आज माझ्या दुकानापुढं चालवलं तर दोन म्हशींनी दावी तोडली आन् रॉकेलचा डबा बघता बघता रिकामा. माझ्या बॅटऱ्यांचं वजन लई, पण आवाज न्हाई. पाच मिनिटं मोटार चालवली. दिलीप हात लावून म्हणाला, "दाजी, थंडगार हाय की!" मी फुगलो.

आता माझी बायको सरू पोतं वाळत घालताना विचारते, "उद्या वर आभाळात हे कोण टाकणार?"

ते पोतं! वीस वर्षं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतोय. तपासताना मोटारीवर ओलं पोतं टाकायचंच, इथं त्यात कुणाला वावगं वाटत न्हाई. आजही टाकलं. मग थंड काय होतं, मोटार का पोतं? वर गेल्यावर आतली तार, वाइंडिंग, जळली तर? काहून सुचलं न्हाई मला?

सांगितलं तर काका गावभर हसतील. हसू देत. पोतं वाळायच्या आत दिलीपकडं जातो.