दोन रेघांची पट्टी

दादा,

आज सकाळी बुद्धासमोर उदबत्ती लावली आणि आईच्या मडक्यातलं आंबवलेलं सोयाबीन तुमच्यासाठी डब्यात भरलं. जोंगिम हसली, "पन्नाशी आली, तरी बुसानला एकटं जायला भिता? मेट्रो गिळते की काय बायकोवाचून आलेल्या नवऱ्यांना?"

महिनाभर मी नकाशात तुमचं स्टेशन शोधतोय. पण खरी भीती वेगळीच आहे. तुम्ही बसची दोन तिकिटं पाठवलीत, "आईलाही आण, तिला समुद्र दाखवू." जोंगिमला मी एकच तिकीट दाखवलं.

आई मागच्या हिवाळ्यात गेली, दादा. आपल्या भांडणाच्या रागात मी तुम्हाला कळवलं नाही. अंत्यविधीत थोरल्या मुलाने बांधायची दोन रेघांची पट्टी मी माझ्याच दंडाला बांधली आणि गावाला सांगितलं, "दादा येत नाही म्हणाले."

हे पत्र पोस्टात टाकून घरीच राहावं, असंही मनात आलं होतं. पण बसमध्ये आईच्या रिकाम्या जागेशेजारी बसून आलो. पट्टी खिशात आहे. या शेवटच्या ओळी तुमच्या दाराशी उभ्याने लिहितोय. बेल दाबली आहे. आतून तुमचा आवाज येतोय, "आई दमली असेल, आधी तिला बसव!"

तुमचा धाकटा,
ग्वांगसू