डाव्या हाताचं सारवण

२० जुलै, धुळे
बोलवायचं कशाला मग? जळगावला नेलं, पहिल्या रांगेत बसवलं, वर हातात माईक दिला! अभयकुमार शेठनं तिथं मेहरूण भागात आख्खा बंगला बांधलाय — आत नुसती माझ्या दिराची, वनाची चित्रं. एकातही माणूस नाही, झाड नाही, गाय नाही. शेठची सून चेलना म्हणे, "काकू, या मोठ्या चित्राबद्दल दोन शब्द बोला." काय बोलू? शेणाच्या रंगाचे फराटे! दिसलं ते बोलले — "पोतेरं असं उलटं कोणी फिरवलं? सासूनं हात मोडला असता!"

हॉल हसला. शेठ हसले. वना उठून गेला.

घरी येईपर्यंत ह्यांचं एकच — "तुन्हं तोंड शे का भोंगा?"

खोटं बोलले का मी?

२१ जुलै
वना फोन घेत नाही. नको घेऊ!

२४ जुलै
चेलनाचा फोन. वनानं ते चित्र भिंतीवरून उतरवलं, शेठचंही ऐकलं नाही. मी म्हटलं, "एवढं काय त्यात?" ती म्हणाली, "काकू, त्या चित्राचं नाव 'वहिनी' आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं.

२५ जुलै
दूध सांडलं. पुसायला बसले आणि हात थांबला. मी डावखुरी. माझा फराटा उलटाच पडतो! नवी नवरी होते तेव्हा सासू म्हणायची, "डावा हातनं सारवण घरले शोभस का?" वना तेव्हा शेंबडा. ओल्या सारवणाच्या कडेला उकिडवा बसायचा — "वहिनी, आखो एक काढ." मी अजून एक फराटा काढायचे.

त्याच्या ध्यानात राहिलं. माझ्या नाही. भरल्या सभेत माझ्याच हातावर थुंकले मी — त्याच्यावरही. तोंड कुठं लपवू?

२९ जुलै, नागपंचमी
रविवारी घरात कानबाई देवी बसणार. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याच पिठाचे रोट. वनाचा ह्यांना फोन — "भाऊ, यंदा मन्ही मूठ धरू नको."

म्हणजे तो या घरातला नाही! ह्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मला विचारलंसुद्धा नाही.

३० जुलै
पोरीच्या मोबाईलवर आवाज भरून पाठवला. बोलले तसंच लिहिते —

वना, चुकले. ते चित्र परत टांग. मला पुन्हा माईक दे, हसले त्या सगळ्यांसमोर सांगते — तो हात माझा. शुक्रवारी गहू गिरणीत जातील. यंदा तुझी मूठ मी भरणार, डाव्या हातानं. देवीला मी बघून घेते. तू शुक्रवारच्या आत सांग — चालेल ना तुला?