डाळमिलमधल्या बायांची ओळख

ती. आईस,
नांदेडहून राजकन्याचा नमस्कार.

पीएचडीसाठी फेलोशिप मिळाली. आता होस्टेलची काळजी न्हाई. तुझा खोकला कसा हाय?

माझा विषय तुला ठाऊकच हाय. तू डाळ निवडायला बसतीस, त्या लातूरच्या मिलमधल्या बाया. फेलोशिपच्या मुलाखतीत माझ्या गाईड मॅडमनी विचारलं, "यातली कुणी नात्यातली?" एकतर्फी अभ्यास म्हणतील, या भ्यानं मी "न्हाई" म्हणले.

"बाहेरची असून किती बारीक माहिती हाय!" मॅडम कौतुकानं म्हणल्या. मान वर करवली न्हाई.

सोमवारी त्या माझ्यासोबत मिलमध्ये येणार हायत. मला ओळख दाखवू नको, असंच लिहायला बसले होते.

तसं करू नको. सगळ्यांसमोर नेहमीसारखी हाक मार. मी ओ देईन.

तुझ्याच पोटची,
राजकन्या