गोल तडा

शनिवार, संध्याकाळ. कोल्हार.

स्वयंपाकघरातलं काँक्रीट खचतंय, आणि तडा सरळ नाही, गोल आहे. गोल का, हेच आठवडाभर डोक्यात. आज गवंड्यानं पहार मारली तर खाली पोकळ. मग आठवलं, इथं जमिनीत ज्वारीचं पेव होतं. ते मातीनं बुजवून वर खोली बांधली आम्हीच. शहाणे.

लहानपणी ज्वारी काढायला आई मला त्यात उतरवायची. आत गुदमरलो तर कळावं म्हणून वरून सारखी हाक मारायची. मी ओ द्यायचो.

गवंडी म्हणाला, "उद्या भरून टाकू. लई खोल न्हाई."

आई त्या गोल तड्याशी वाकली. खाली बघत तिनं माझ्या नावानं हाक मारली. मी तिच्या मागंच उभा होतो. तरी ओ दिली.