कडेच्या गृहस्थांबद्दल खुलासा

तीर्थस्वरूप दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली पूर्ण वाकता येत नाही, पण पत्रात ते खपून जातं.) तुमची पाठ कशी आहे? ताई फोनवर ‘ठीक आहे’ म्हणते, पण स्वतःच्या दाढेबद्दलही ती असंच म्हणाली होती आणि दुसऱ्याच दिवशी दाढ काढावी लागली, म्हणून थेट तुम्हालाच विचारतो. इकडे आई ठणठणीत आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून समोरच्या रस्त्याचा सगळा कारभार नेहमीप्रमाणे तीच पाहते. काकांचा कानही तसाच आहे, म्हणजे जे ऐकू नये ते त्यांना स्वच्छ ऐकू येतं.

आता मूळ विषय. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा बैठकीच्या खोलीत आम्ही नुकतेच घरचे फोटो लावले होते. हात मागे बांधून तुम्ही ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलीत, ‘छान, सगळे आले आहेत’ एवढंच म्हणालात आणि चहा न घेता निघालात. आम्ही बराच वेळ चहात काय बिघडलं याचीच चर्चा करत होतो. (माझ्या बायकोने तो पुन्हा उकळून, चाखूनही पाहिला.) मग आईचं भिंतीकडे लक्ष गेलं आणि ती म्हणाली, "अरे, यात जावई कुठे आहेत?" दाजी, तुम्ही नव्हतातच. आपल्याकडचे झाडून सगळे फोटो तुम्ही काढता, आणि फोटो काढणारा माणूस फोटोत येत नाही ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत आमच्या डोक्यात शिरली नव्हती. तेव्हापासून ताई एकटीच येते आणि ‘त्यांना काम आहे’ म्हणून सांगते. सुट्टीच्या दिवशी कुलूप लावलेल्या ऑफिसात तुम्ही काय काम करता, हे विचारायची आमची हिंमत नाही.

आईने जाहीर केलं की जावई असलेला फोटो मोठा करून, कॅनव्हासवर छापून भिंतीवर लागल्याशिवाय ती आपली पंच्याहत्तरी साजरी करू देणार नाही, आणि तुम्ही आल्याशिवाय तर नाहीच नाही. शोधाशोध केल्यावर ताईच्या मोबाइलमध्ये तुमचा एकुलता एक फोटो सापडला. गच्चीवरचा. त्या दिवशी तुम्ही कॅमेऱ्याला टायमर लावून धावत आलात आणि जागा मिळाली तिथे, म्हणजे अगदी डाव्या टोकाला, ताईच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिलात. धाप लागलेली आहे, एक चप्पल वाटेत राहिलेली आहे, पण मनापासून हसताय. असं हसताना तुम्हाला आम्ही फारसं पाहिलेलं नाही. (तक्रार नाही, नोंद.)

आता राहिला प्रश्न छापणाऱ्या कंपनीचा. जावयाचा मामला असल्यामुळे कंपनी भरवशाचीच हवी यावर एकमत होतं, आणि भरवसा कशाने ठरतो यावर घरात जितकी माणसं तितकी मतं. पहिल्या कंपनीबद्दल गिऱ्हाइकांनी भरभरून चांगलं लिहिलं होतं. मी ते आईला वाचून दाखवलं. चौथ्या अभिप्रायालाच तिने मला थांबवलं. इतके लोक एकाच सुरात कौतुक करतात म्हणजे ते मालकाच्या घरचेच असणार, कारण परक्या माणसाला काहीतरी खुपतंच, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या कंपनीने कॅनव्हासचा नमुना पाठवला. काकांचा सगळा जन्म पडद्यांच्या कापडाच्या दुकानात गेलेला. त्यांनी अंगठा ओला करून नमुन्यावरचं हसरं बाळ घासायला घेतलं आणि बाळाचं नाक अंगठ्यावर येईपर्यंत थांबले नाहीत. मग तो अंगठा त्यांनी दूधवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. दुसरी कंपनी बाद.

तिसऱ्या कंपनीला फोटो पाठवला, तर तिथल्या बाईंचा फोन आला. बाई बोलायला सभ्य, पण प्रश्न फार. भिंतीवर ऊन येतं का, फोटो किती लांबून बघणार, फ्रेम किती जाडीची हवी. मी फोन स्पीकरवर ठेवला होता, घर गोळा झालं होतं, आणि नेमकं तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि ते डाव्या कडेचे गृहस्थ आहेत, त्यांचं काय करायचं?"

दाजी, आता तुम्हीच सांगा. कडेचे? गृहस्थ? काय करायचं म्हणजे? काकांना तर हे वाक्य दुसऱ्या खोलीतून ऐकू आलं. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "बाई, ते आमचे जावई आहेत. त्यांचं काही करायचं नाही. आहेत तसे राहू देत." बाई दुमडण्याबद्दल काहीतरी सांगू पाहत होत्या, पण आईने फोन बंद केला. त्या काय म्हणत होत्या ते एकदा विचारून तरी घ्या, असं फक्त माझी बायको म्हणाली. ती परक्यांची बाजू घेते असं ठरून तिला गप्प बसवण्यात आलं. तुमच्या मानापायी आम्ही तिसरी कंपनी सोडली, हे कृपया ध्यानात घ्यावं.

चौथ्या कंपनीने एकही प्रश्न विचारला नाही. ‘ऑर्डर मिळाली, धन्यवाद.’ बस. काका म्हणाले, याला म्हणतात भरवशाचा माणूस, बडबड नाही. जावयाला किरकोळ फ्रेम शोभणार नाही म्हणून सर्वांत जाड फ्रेम त्यांनीच निवडली.

पार्सल आलं. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांच्या साक्षीने उघडलं. रंग झकास, कापड घट्ट, मधोमध मी (माझं पोट कॅनव्हासवर फारच खरं वाटतं), शेजारी आई, मग काका, माझी बायको, डावीकडे ताई आणि ताईच्या खांद्यावर एक हात. नुसता हात. काकांनी तुम्ही मागच्या बाजूला आहात की काय म्हणून चित्र उलटं करून पाहिलं. शेवटी माझ्या बायकोने ते तिरकं धरलं आणि तुम्ही सापडलात. झालं असं की कॅनव्हास लाकडी चौकटीवर (यांची ‘फ्रेम’ ती हीच) ताणून बसवतात आणि फोटोची कड चौकटीच्या बाजूवर दुमडतात. त्या बाई हेच विचारत होत्या. तुम्ही डाव्या बाजूवर आहात. एक खांदा मागे गेला आहे, बाकी डोक्यापासून एका चपलेपर्यंत पूर्ण. फ्रेम पातळ असती तर हसूसुद्धा मागे गेलं असतं, असं काका अजून अभिमानाने सांगतात.

चौथ्या कंपनीने जसं काही विचारलं नव्हतं, तसं आता ती काही सांगतही नाही. मी मान खाली घालून तिसऱ्या कंपनीतल्या बाईंना फोन केला. त्यांनी उट्टं काढलं नाही. दुमडायला चारी बाजूंनी कोरी जागा सोडून पुन्हा छापून देते म्हणाल्या, फक्त कॅमेऱ्यातला मूळ फोटो हवा. तो तुमच्याकडे आहे. तेवढा पाठवा, आणि वाढदिवसाला नक्की या. तोवर नवा फोटो समोरून दिसेल असा लागलेला असेल. ताईला आशीर्वाद सांगावे असं आई म्हणते. मी आपला नमस्कार सांगतो.

तुमचा मेहुणा
(चित्रात मधोमध, नाइलाजाने)

ता. क. मूळ फोटो पाठवू नका. नवा छापून येईपर्यंत जुना तात्पुरता भिंतीवर टांगला होता, आता आई तो उतरवू देत नाही. खिडकीतून वारा लागतो या सबबीवर तिने आपली खुर्ची चित्राच्या डावीकडे, स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला चिकटून मांडली आहे. (त्याच वाऱ्यात ती इतकी वर्षं बसत होती.) तिथे उजेड नाही आणि रस्ताही दिसत नाही. इथून तुला चित्र तरी दिसतं का, असं मी विचारलं. म्हणाली, "मला दिसायचे ते दिसतात."

ता. क. २. खरं काम हे. ती खुर्ची दारात येते. ताट घेऊन जाताना काका दोनदा अडखळले आणि माझं पोट तर तुम्ही जाणताच. आमचं कुणाचं आई ऐकत नाही, जावयाचं ऐकेल. तेव्हा लवकर या आणि तिला खुर्ची खिडकीजवळ न्यायला सांगा. तुम्ही समोर बसलात तर कदाचित सांगावंही लागणार नाही. तोपर्यंत आम्ही सगळे कडेकडेने ये-जा करतो आहोत.