साधं धोंड्याचं जेवण

१७ मे, रविवार. सकाळी सहा.
अधिक महिना आजपासून. अंघोळ करून देवापुढे तेहतीस वाती लावल्या. मन शांत. त्या शांततेतच ठरवून टाकलं. पूनमच्या लग्नानंतरचा हा पहिला अधिक. जावई अवधूतला नातेपुत्याहून धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं. पुरणाचे तेहतीस धोंडे, तांब्याचं ताम्हन, टॉवेल-टोपी. पूनमला साडी. बस. या महिन्यात जावई नारायण मानायचा, आणि नारायणाला काय कमी असतं?
बायको विजयमाला म्हणाली, मंद्रूपला आमची ताई जावयाला काय देणार कोण जाणे. मी म्हटलं, साडूने काय द्यावं तो त्याचा प्रश्न. आपण शर्यतीत नाही.
धाकट्या संस्कृतीला नर्सिंगला जागा मिळालीय. फीचे पैसे कपाटात वेगळे ठेवलेत. दहा जूनपर्यंत भरायचे. त्यांना हात लावायचा नाही.

२१ मे, गुरुवार.
साडू जोतीरामचं स्टेटस पाहिलं. जावई पाटावर, बोटात सोन्याची अंगठी, पुढे चांदीचं ताट, मागे फुलांचा पडदा. धोंडे कुठे दिसले नाहीत. देवाचं निमित्त आणि असलं प्रदर्शन. त्याच्याबद्दल वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा उघडून पाहिलं, त्याला उपरती होऊन काढून टाकतो का.

२४ मे, रविवार.
मंद्रूपला शेताकडे गेलो होतो. हॉटेलात जोतीराम भेटला. चारचौघांत म्हणाला, काय साडूभाऊ, तुमी टॉवेलवर भागवणार म्हणं. बरं हाय की, सोलापुरात टॉवेलला काय तोटा न्हाय. लोक हसले. मीही हसलो. माणसाने निर्विकार असावं. विजयमालाचं बहिणीशी बोलणं झालं असणार.
घरी कुंभारीला पोचेपर्यंत कान तापलेले होते. पण ऊनही चव्वेचाळीसवर आहे.

२७ मे, बुधवार. एकादशी.
उपास. पगारातून चांदीचं ताम्हन घेतलं. याचा जोतीरामशी संबंध नाही. तांबं काळं पडतं.

२९ मे, शुक्रवार.
अंगठी घेतली. चार ग्रॅम. जोतीरामने पाच ग्रॅमची दिली होती. सराफाने पाचचीच पुढे केली, मी नको म्हटलं. मोहाला नाही म्हणता येतं, हे आज पटलं.
फीचे पैसे तूर्त वापरले. शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क, पगाराच्या फरकाचा हप्ता जूनच्या पहिल्या आठवड्यात येतोय. हेडमास्तर म्हणाले, येईल बहुतेक. ते शब्द जपून वापरतात.
संस्कृती म्हणाली, अप्पा, ताईलाच इचारा की तिला काय पायजे ते. लहान आहे. विचारलं नाही. पूनम नको म्हणाली असती.

३१ मे, रविवार.
जेवण उत्तम झालं. अंगठी घातल्यावर अवधूत ती बोटातल्या बोटात फिरवत राहिला. भारावला होता. पंप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे त्याचं, एवढं सोनं कधी हातात आलं नसेल. मग हळूच म्हणाला, मामा, हे कशाला केलंसा? आमाला झेपायचं न्हाय. पूनम स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. लेकीला बापाचा अभिमान वाटतोच.
फोटो स्टेटसला ठेवला. अवधूतला हात जरा पुढे घ्यायला सांगितलं, इतकंच. जोतीरामने साडेतीनला पाहिला. काही लिहिलं नाही.

४ जून, गुरुवार.
पूनमचा फोन. अवधूतच्या बहिणीच्या, देवयानीच्या नवऱ्याने माझं स्टेटस पाहिलं. सासऱ्याला, म्हणजे अवधूतच्या वडिलांना, म्हणाला, तुमच्या पोराला सोनं आन् आमाला निस्तं शर्टाचं कापड व्हय? रुसलाय. देवयानीला माहेरी आणून सोडलंय.
कीव आली. दुसऱ्याचं पाहून ज्यांचा जीव जळतो, त्यांना सुख कसं लागणार?

८ जून, सोमवार.
फरक आला नाही. हेडमास्तर म्हणाले, दिवाळीला बहुतेक. काळजी नाही. अंगठी जावयाकडे आहे, म्हणजे घरातच आहे. पाच महिन्यांसाठी मागून घ्यायची, तारण ठेवायची, फी भरायची. अवधूत आपला माणूस.

९ जून, मंगळवार. दुपारी.
पूनमला फोन लावला. पाणीपाऊस, तब्येत, दुकान, सगळं विचारून झालं. मग विषय काढला. ती म्हणाली, अंगठी न्हाय अप्पा. परवा देवयानीताईंच्या नवऱ्याला घातली, तवा कुटं त्या नांदाय गेल्या. ह्यांनी एक दिवसबी घातली नव्हती.
मी विचारलं, त्याच्या बोटात बसली का नीट?
तिने फोन ठेवला.

१० जून, बुधवार.
नर्सिंग कॉलेजात गेलो. तिथल्या क्लार्कला म्हटलं, मीही क्लार्कच आहे, थोडी मुदत द्या. तो म्हणाला, काका, वेटिंगला सतरा जणी हायत. पाचपर्यंत थांबतो.
विजयमालाचा फोन आला, जोतीराम भावजींना मागा की, ते न्हाय म्हणायचे न्हाईत. खरं आहे, त्याने लगेच दिले असते. पण मग साऱ्या मंद्रूपला कळलं असतं.
पाचपर्यंत बाहेर बाकावर बसून नामस्मरण केलं. बरं वाटलं.
घरी येऊन संस्कृतीला सांगितलं. ती फक्त व्हय म्हणाली.

१५ जून, सोमवार. अमावस्या.
अधिक महिना संपला. संस्कृतीला युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. शिवलेल्या कपड्यांचे धागे कापायचे. वर्षभराचाच प्रश्न आहे. तिथे नर्सचे पांढरे कोटही शिवतात म्हणे, म्हणजे क्षेत्र तेच.
सकाळी गाडीवरून सोडायला गेलो. आठची वेळ होती, आम्ही वीस मिनिटं आधी पोचलो. म्हटलं, थांब, चहा घेऊ. ती गाडीवरून उतरली, तोंडाला स्कार्फ बांधला आणि गेटातून आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.
घाई असेल.