आठव्या तासाची वाटणी

५ नोव्हेंबर
दुपारी मोबाइलवर बातमी आली. 'आठवा तास' पुन्हा एकत्र येतोय. समीर गाणार, उदय गिटार वाजवणार. एकच कार्यक्रम, पुण्यात, १८ जानेवारीला. अकरा वर्षांनी.
चारदा वाचली. दुकानात समोर पाच एचपीची जळालेली मोटर उघडी पडलेली, तिचा मालक बाकड्यावर बसलेला. माझं तोंड बघून त्यानं विचारलं, कुणी गेलं का? म्हटलं, नाही, आले. त्याला काही उलगडा झाला नाही. मीही सांगत बसलो नाही.
सांगणार तरी कुणाला? सिरसाळ्यात या बँडचे चाहते सगळे मिळून दोन. एक मी, दुसरा ज्ञानोबा. आणि त्या दोघांतही गट पडलेले.

६ नोव्हेंबर
घरी बायकोला, सुनीताला सांगितलं. तिच्या लेखी ते सगळे 'बोंबलणारे'. भाकरी थापता थापता म्हणाली, "बोंबलणारे एक झाले, आता तुमी दोघं कशापायी ताणताय?"
 बँड फुटला तेव्हा नाव दोघांनीही सोडलं नाही. समीरचा आठवा तास वेगळा, उदयचा वेगळा. ज्ञा. समीरकडे गेला, मी उदयकडे. त्यावरून भांडण, ते आजपर्यंत. जिल्ह्यात बाकी सगळं ज्यावरून फुटतं त्या मानानं आमचं कारण निदान सुरेल होतं.

९ नोव्हेंबर
ज्ञा.च्या वस्तीवर गेलो. दाराला कुलूप. टोळी दिवाळीचा पाडवा झाला की लगेच गेली म्हणे, ऊसतोडीला, सांगलीकडं. शेजारच्या खोलीत त्याची आई शेंगा निवडत होती. मला ओळखायला वेळ लागला नाही तिला. "लई दिवसानं वाट घावली रं," एवढंच. चहा ठेवायला उठत होती, मी नको म्हटलं. अकरा वर्षांनी येऊन चहा कोणत्या तोंडानं प्यायचा.
नंबर मिळाला. दोनदा लावला. वाजला, उचलला नाही.

१० नोव्हें.
पुन्हा तीनदा. नाही.

१६ नोव्हेंबर
आमची पद्धत आठवत बसलो. बँडचे कार्यक्रम कायम थंडीत, आणि थंडीत ज्ञा. कायम उसाच्या फडात. म्हणून मी जायचो पुण्याला आणि रजिस्टरमध्ये सगळं लिहून आणायचो. कोणतं गाणं कितवं, मध्ये समीर काय बोलला, ड्रमवाल्याचा शर्ट कोणता, सगळं. मार्चात टोळी परतली की ज्ञा. पाठीवरचं ओझं उतरवून थेट दुकानात. मी रजिस्टर उघडून पहिल्या गाण्यापासून कार्यक्रम सांगायचो, तो व्हॉर्निशचा रिकामा डबा उलटा घालून ठेका धरायचा. दीड-दोन तास चालायचं. गिऱ्हाईक आलं तर आम्ही थांबत नसू, तेच थांबायचं.
बँड त्यानं प्रत्यक्ष एकदाच पाहिला. माझ्यापेक्षा जास्त ऐकला.

२१ नोव्हेंबर
ऑनलाइन तिकिटं काढली. दोन.
सुनीता म्हणाली, दुसरं कुणाचं? म्हटलं, बघू. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि धुणं वाळत घालायला गेली.

२८ नोव्हेंबर
आज वाटणीचं लिहून ठेवतो. कधीतरी लिहायलाच हवं होतं.
कॅसेटी आमच्या सामाईक होत्या. अकरा. सगळ्या याच दुकानात, फळीवर. भांडणानंतर मी म्हटलं, वाटणी करू. हो, मीच म्हटलं. भावाभावांत होते तशी रीतसर वाटणी. अकरा चिठ्ठ्या केल्या, सुनीतानं पिठाच्या हातानं उचलल्या. सहा त्याला, पाच मला आणि वर रजिस्टर. कॅसेटीच्या वाटणीला पंच बसवणारं तालुक्यातलं पहिलंच प्रकरण असेल. पंच सुनीता, आणि ती हसत होती. आम्ही दोघं हसत नव्हतो.
त्याच्या सहांत ती गेली. अंबाजोगाईची.

२९ नोव्हेंबर
अंबाजोगाईची म्हणजे आम्हीच टेप केलेली. बारावीचं वर्ष. तेवढ्या एका हिवाळ्यात ज्ञा.ला घरच्यांनी परीक्षेसाठी मागं ठेवलेलं, पुढच्या सालापासून कोयता. कॉलेजच्या गॅदरिंगला आठवा तास आला. जिल्ह्यात आला तो तेवढाच. आम्ही सायकलीनं पार परळीपर्यंत, पुढं एसटीनं. घरचा टेपरेकॉर्डर पिशवीत, सेलवर चालणारा.
चौथ्या गाण्यात लाइट गेली. गिटार मुकी, माइक मुका. पोरं शिट्ट्या मारायला लागली. ड्रमवाला मात्र थांबला नाही. आणि माझ्या शेजारी ज्ञा.नं बाकावर ठेका धरला. आधी त्याच्यामागून, मग त्याच्याबरोबर, मग ड्रमवाला थांबून ऐकायला लागला आणि ज्ञा.ला जवाब द्यायला लागला. चार-पाच मिनिटं तरी. सगळा हॉल गप्प.
टेप चालू होती.
ती कॅसेट मी चिठ्ठ्यांत घालायलाच नको होती. त्याचीच होती, सरळ त्याच्या हातात द्यायची. मला वाटलं होतं, नशिबानं मला मिळेल.

५ डिसेंबर
आठवडाभर हे लिहायचं टाळतोय.
भांडण बँडवरून झालं असं मी सगळ्यांना सांगतो. वहीलाही तेच सांगितलं. ते खरं नाही. वर मी 'त्यावरून भांडण' असं लिहिलंय, ते खोडत नाही, राहू दे.
बँड फुटला त्या सालच्या मार्चात मी पुण्याहून आणलेली खबर सांगत होतो. गाणी उदयची, चाली उदयच्या, समीर नुसता गळा. ज्ञा. म्हणाला, मला तर गाणारा आन् वाजवणारा दोगंबी लागतेत. मी म्हटलं, असं चालत नाही, एक बाजू धर. तो हसला. त्या हसण्याचा मला राग आला. म्हणालो, "तू एकदाच बघितलास बँड. ऊस तोडणाऱ्याला काय कळतंय त्यातलं?"
दुकानात तेव्हा दोन माणसं बसलेली.
तो डबा सरळ करून उठला. म्हणाला, बरं, मग मी समीरकडं. त्यानंतर आठ दिवसांनी वाटणी.

१४ डिसेंबर
फोन एकदा उचलला. मंगलनं, त्याच्या बायकोनं. म्हणाली, ते फडात हायेत, सांगते. कुठल्या फडात तेवढं विचारून घेतलं.

२१ डिसेंबर
जाऊन आलो. काल पहाटे निघालो, तीन गाड्या बदलल्या, पोचलो तेव्हा दुपार टळायला आलेली.
ओळखला लांबूनच. केस पांढरे झालेत, कंबर थोडी धरून चालतो. मोळ्या बांधणं चालू होतं. मला बघून बांधायचा थांबला नाही. "आता कशाला आलास बे?"
सगळं सांगितलं. १८ जानेवारी, दोघं एकत्र, तिकीट त्याचंही काढलंय. त्यानं मोळीला पीळ दिला आणि विचारलं, "आजून हायेत व्हय ते?"
मला वाटलं टोमणा मारतोय. म्हटलं, समीरच्या दोन नव्या सीड्या आल्या मधल्या काळात, ऐकल्या असशीलच. माझी सगळी तयारी होती. अकरा वर्षं मनातल्या मनात त्याच्याशी वाद घातलाय मी, त्या दोन सीड्यांतलं एकेक गाणं खोडून काढलंय.
"न्हाई ऐकल्या. तू वाटणी मागितलीस तवाच माझं ऐकणं मिटलं. मी कुणाच्या बाजूचा नव्हतो दत्ता. तू म्हणलास बाजू धर, म्हणून धरली."
मंगल पाणी घेऊन आली. मला बसायला पोतं टाकलं. तिनं विचारलं, सुनीताबाई बऱ्या हायेत का. बऱ्या आहेत म्हटलं.
येण्याचं विचारलं तर त्यानं मंगलकडं बोट केलं. कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. एक गेला की दुसऱ्याची मजुरी बसते, गाडीही भरत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी दोन तिकिटं काढली होती.
माफी मागायला गेलो होतो. ती राहिलीच. काय करावं कळेना म्हणून उठलो आणि एक मोळी उचलायला गेलो. गुडघ्यापर्यंत आली, मग कलंडली. पानं गालाला कापून गेली.
ज्ञा. म्हणाला, "ठेव खाली. त्याला कळावं लागतं."
रागावून नाही म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.
निघताना एवढंच बोलला, कॅसेटी आईजवळ पेटीत हायेत, सहाच्या सहा घेऊन जा, मला काय करायच्यात.

२२ डिसें.
खांदा दुखतोय. सुनीतानं शेक दिला. काही विचारलं नाही तिनं, हे तिचे उपकारच.
म्हणजे समीरच्या गटात कुणीच नव्हतं. अकरा वर्षं मी एकटाच दोन्ही बाजूंनी भांडत होतो.

२६ डिसेंबर
वस्तीवर जाऊन कॅसेटी आणल्या. त्याच्या आईनं फडक्यात बांधून दिल्या. या वेळी चहा घेतला.
फळीवर आता अकराच्या अकरा. वाटणी मोडली. अशी मोडायला नको होती.

२७ डिसेंबर
अंबाजोगाईची उघडून पाहिली. बुरशी. पांढरी पूड टेपेवर सगळीकडं, आतला टेप दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडलेला. एका जागी टेप तुटलीय, नेमकी कुठं ते लावल्याशिवाय कळायचं नाही. लावायची हिंमत होत नाही. एकदा अडकली की गेली.

९ जानेवारी
कार्यक्रम रद्द.
तालमीला दोघं भेटले म्हणे, तिसऱ्या दिवशी बिनसलं. पोस्टरवर नाव आधी कुणाचं यावरून. समीर म्हणतो उदयनं, उदय म्हणतो समीरनं. बातमीखाली चाहत्यांची जुंपलीय, पाचशेच्या वर प्रतिक्रिया. दोन्ही गटांचं सगळं वाचलं. मी कुणाच्याच बाजूनं काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं माझ्याजवळ.
संध्याकाळपर्यंत एक जळालेली मोटर नव्या तारेनं भरली. वळसे मोजताना दोनदा चुकलो. असं होत नाही माझ्याकडून.

१० जानेवारी
ज्ञा.ला फोन करून कळवावं का? कशाला. तो येणारच नव्हता.
तरी लावला. मंगलनं घेतला. सांगितलं, रद्द झालं म्हणावं. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, "तुमी आल्तात त्या रोजी ते जेवले न्हाईत." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.
न जेवण्याचा अर्थ काय घ्यायचा? रागानं जेवला नाही का दुसऱ्या कशानं? मला आता त्याच्याबद्दल काहीच ओळखता येत नाही. पूर्वी नुसत्या डब्यावर पडलेल्या बोटावरून कळायचं.

१८ जानेवारी
आज असता.
दुकान उघडलं, बंद केलं.

२ फेब्रुवारी
अंबाजोगाईच्या कॅसेटीचं काम काढलं. स्पिरिट, मऊ फडकं, आणि हातभर हातभर टेप पुसत जायची. मग स्क्रूनं उघडणाऱ्या दुसऱ्या कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात बसवायची. तांब्याची तार भरून भरून बोटांना एवढं तरी येतं. रोज दुकान बंद करण्याआधी थोडं थोडं. घाई केली की टेप ताणते.

१९ फेब्रुवारी
तुटलेली जागा जोडली. जोडाजवळचा थोडासा भाग गेला, गळून पडला. किती सेकंद, कुठले, देव जाणे. लाइट गेल्यावरचे नसोत.
बसवली. आता नुसतं बटण दाबायचं.
नाही दाबलं. एकट्यानं ऐकायची नाही असं ठरवलंय. तो आल्यावर. आला तर.

६ मार्च
कारखाने बंद व्हायला लागलेत. रस्त्यानं ट्रक परत येताना दिसतात, वर भांडीकुंडी, बाया, शेळ्या. प्रत्येक ट्रक आला की मी बाहेर येतो. सुनीता म्हणाली, त्यानं यायचं असंल तर येईल, तुमी उन्हात उभं राहून त्याला आणणार हाय का? खरं आहे. तरी येतो बाहेर.
व्हॉर्निशचा एक रिकामा डबा धुऊन ठेवला. मग मलाच लाज वाटली, आत ठेवला.

१४ मार्च
ज्ञा.च्या टोळीचा ट्रक आज साडेतीन-चारला गेला. दुकानासमोर गतिरोधक आहे, तिथं हळू झाला. मंगल दिसली, तिनं हात केला. ज्ञा. वर सामानावर बसलेला, तोंड पलीकडं. त्यानं इकडं पाहिलं नाही. ट्रक थांबला नाही.
पण त्याच्या मांडीजवळ पत्र्याचं पिंप होतं आणि उजवा हात त्यावर पडत होता. वाजवत होता की काय? की ट्रकच्या हादऱ्यानं हात हलत होता? इंजिनचा एवढा आवाज की काही ऐकू येईना. मी फाट्यापर्यंत ट्रकच्या मागं मागं चालत गेलो. दुकान उघडंच टाकून.
डबा बाहेर आणून ठेवलाय, बाकड्याशेजारी. आज आला नाही. टेप अजून लावलेली नाही.